अंगठ्याची रेघ

आत्याचा पाय एका जागी ठरेना. सॉफ्टबॉलच्या निवडीचा सामना सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता, तेवढ्यात ती तीनदा बाकावरून उठली आणि दोनदा नळापर्यंत जाऊन पाणी न पिताच परत आली.

मैदानात तिची भाची पिचिंग करत होती आणि अंपायरने दोनदा हात आडवा करून तिचा चेंडू बाद ठरवला होता. दोन्ही वेळा कारण एकच. चेंडू सोडण्याआधी तिचा उजवा पाय पिचरच्या पट्टीवरून उडायचा, पुढे टेकायचा आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा घ्यायचा, आणि ते नियमात बसत नव्हतं. कोचबाईंनी बजावलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर दुसरी मुलगी उतरेल, आणि संघातली जागाही तिचीच. ती दुसरी तर कडेला हात गरम करायलाही लागली होती.

आत्याला हे पटेना. पोरीला तिनेच तर शिकवलं होतं. चवडा पट्टीवर जरा तिरका, गुडघा वाकलेला, जमिनीला मागे ढकलायचं आणि मग अंगठा मातीवरून घासत आणायचा. मागे रेघ उमटली पाहिजे, अखंड. चार वर्षं पोरगी तशी रेघ काढत होती. मग या आठ दिवसांत काय बिघडलं?

डाव बदलला तशी भाची घामाघूम होऊन बाकाशी आली.

"पाय का उचलतेस गं?"

"मी कुठे उचलते? ओढायला गेलं की अडकतो, म्हणून आपोआप उचलला जातो."

आत्याने खाली पाहिलं. उजव्या बुटाच्या टोकावर जाड, खरबरीत रबराचं ठिगळ होतं. बुटाला भोक पडलं म्हणून आठ दिवसांपूर्वी तिनेच ते लावून आणलं होतं. बूट फाटेल पण हे फाटणार नाही, असं दुरुस्तीवाला म्हणाला, तेव्हा केवढी खूश झाली होती ती.

तिच्या खेळायच्या दिवसांतही उजवा बूट असाच टोकाला फाटायचा आणि डावा नवाकोरा राहायचा. आई करवादायची, पोरगी एका पायाने चालते की काय, म्हणायची. मग जुन्या पिशवीचं गुळगुळीत कातडं कापून टोकाला शिवायची. गुळगुळीतच का, हे आत्याने तेव्हा कधी विचारलं नव्हतं.

"काढ तो बूट."

किल्लीने तिने ठिगळ उचकटलं. नख तुटलं, तरी हात थांबला नाही.

"आत्या, आता अंगठा बाहेर येईल."

"येऊ दे. तुझ्या आजीपुढे मी आज नापास झाले बघ."

प्रथमोपचाराच्या पेटीतली गुळगुळीत चिकटपट्टी तिने टोकाभोवती तीन वेढे गुंडाळली. तोवर अंपायरची हाक आली.

भाची पट्टीवर उभी राहिली. आत्या चेंडूकडे बघतच नव्हती, तिची नजर मातीवर खिळली होती. हात गोल फिरला, पाय सुटला आणि पट्टीपासून पुढे एक सरळ रेघ उमटत गेली, मध्ये कुठेही न तुटता.

समोरच्या मुलीने तो चेंडू सणसणीत मारला. तीन जणी त्याच्या मागे धावल्या. पण अंपायरचा हात खालीच होता. कोचबाईंनी थोडा वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि कडेला हात गरम करणाऱ्या मुलीला बसायची खूण केली.

मग आत्याही बसली. ठिगळ अजून तिच्या मुठीतच होतं.