आठ केबलींची सुबक रांग

मित्रांनो, ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या, स्विच नावाच्या लोखंडी पेटीत कप्प्यासारखा सरकवायचा मी एक जुना पत्रा आहे. लोक मला लाइन कार्ड म्हणतात. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, अगदी तुमच्यावरही नाही; पण आज बोलायचं ठरवलं आहे.

हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा. परदेशातल्या कारखान्यात माझ्या तोंडावर अठ्ठेचाळीस पोर्ट, म्हणजे केबल खोचायची भोकं, बसवली आणि खोक्यावर ऐटीत छापलं, 'प्रत्येक पोर्टला एक गिगाबिट वेग'. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. शेजारच्या आठ पोर्टना मिळून आत जायची वाट एकच, आणि तीही एकाच गिगाबिटची. चाळीतल्या आठ खोल्यांत आठ नळ असावेत, पण वरून येणारा पाइप एकच असावा, तसं. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की करंगळीएवढी धार. ही गोष्ट माहितीपत्रकात अगदी शेवटी बारीक अक्षरात होती. तेव्हापासून बारीक अक्षर दिसलं की मी सावध होतो.

परळला बंद गिरणीच्या जागेत टीव्ही मालिकांचं एडिटिंग करणारा एक स्टुडिओ निघाला. तिथे मला बसवलं. आठ एडिटर दिवसभर चित्रांच्या अवजड फायली ओढायचे. त्यांच्या केबली माझ्या तोंडावर कुठेही खोचलेल्या होत्या. दिसायला नुसता गुंता, पण त्यामुळेच भार वाटला जायचा आणि काम झरझर चालायचं. माझं कौतुकही व्हायचं. कौतुक करणाऱ्याला काय हवं असेल, असा विचार मी तेव्हाही करायचो.

मग दसरा आला. इथे गिरणी होती तेव्हा या दिवशी यंत्रं पुसून त्यांची पूजा व्हायची; ती रीत या जागेनं सोडली नव्हती. नेटवर्कचं काम पाहणारा उत्तम हौसेनं पुढे झाला. "पूजेला असा गुंता बरा दिसतो का?" म्हणत त्यानं सगळ्या केबली उपसल्या आणि आठही एडिटरांच्या केबली सुबक रांगेत, शेजारीशेजारी खोचल्या. स्टुडिओचे प्रमुख रघुवीर सर म्हणाले, "वा उत्तम, एकदम फर्स्टक्लास!" मला झेंडूचा हार घातला. त्याच मुहूर्तावर आठांपैकी एकाच्या जागी एक नवी एडिटर कामाला लागली, वरळी कोळीवाड्यातली गुणवंती.

दुसऱ्या दिवसापासून फायली अडकू लागल्या. आठही केबली एकाच वाटेवर लोटालोटी करत होत्या. मी माझे दिवे लुकलुकवून लुकलुकवून थकलो, पण दिव्यांकडे बघतो कोण? सगळे गुणवंतीकडे बघत होते.

"ती आली आणि स्पीड गेला," रघुवीर सर उत्तमला माझ्यासमोरच म्हणाले. "तिचा भाऊ केबल टीव्हीवाल्याकडे कामाला आहे, माहितीये ना? आपले एपिसोड गुपचूप बाहेर पाठवत असणार."

गुणवंती स्वतःच आली. "सर, माझं मशीन घेऊन जा, पाहिजे तसं चेक करा. मी काय पण बाहेर पाठवलं नाय."

तपासलं. काही मिळालं नाही. "मिळालं नाही म्हणजे बाई हुशार आहे," सर म्हणाले, आणि तिला उद्यापासून येऊ नको असं सांगितलं.

दाराशी बसणारा वॉचमन धोंडू पूर्वी याच गिरणीत कामगार होता. ती रडत बाहेर पडली तेव्हा तो पुटपुटला, "संपात पण असाच झाला. कोण फुटलो, कोण फुटलो करत चाळीत कोण कोणाशी बोलेनासो झालो." त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

ती गेल्यावरही फायली अडकतच होत्या. उत्तमनं सहज एक केबल काढून माझ्या दुसऱ्या टोकाला लावली. तो एडिटर ओरडला, "अरे, पळतंय!" उत्तमनं माहितीपत्रक शोधून आणलं, शेवटपर्यंत वाचलं आणि त्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. मग एकेक करून सगळ्या केबली दूर दूर लावल्या.

रघुवीर सर आले. "बघितलंस? बाई गेली, स्पीड आला."

उत्तमनं तोंड उघडलं. मी वाट पाहिली.

"हो सर," तो म्हणाला.

त्याला नोकरीची भीती होती, मला कळतं. पण त्या दिवसापासून माझ्याशी गोड बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो.

पुढे वेगवान कार्ड आलं आणि मी रे रोडच्या भंगाराच्या गोदामात पोहोचलो. इथे धुळीत पडलो आहे, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, यंत्र मंदावलं तर आधी यंत्र तपासा. माणसाकडे बोट नंतर दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी, आत्या गुणवंती नावाची असेल, कधीकाळी परळच्या स्टुडिओतून रडत घरी आलेली असेल, तर तिला एवढं जरूर सांगा, तुझं काही चुकलं नव्हतं.