तुळसाचं गाऱ्हाणं

समर्थने नारळ देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराच्या हातात दिला आणि मान खाली घालून उभा राहिला. सोमवारच्या तपासणीसाठी देवाला सांगूया, एवढंच त्याची आई तुळसा म्हणाली होती. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी. सर्टिफिकेट मिळालं तर आकाश, नाही तर अंगण.

"बा देवा म्हाराजा!" गावकराने खणखणीत आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" सभामंडपातून साथ आली.

"ह्या तुळसाच्या झिलाच्या काळजाचो ठोको मधीच चुकता, म्हाराजा!"

समर्थने झटकन वर पाहिलं.

"व्हय म्हाराजा!"

"डोळ्यांफुडे काळोख येता, म्हाराजा! पण मुंबयच्या डाक्टराक तपासणीत काय एक सापडाक नको, आणि ह्येचा विमान सुटाक नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शेजारच्या लवूकाकांचा.

बाहेर चपला शोधता शोधता समर्थ दातांतल्या दातांत म्हणाला, "आये, कोणाक सांगू नको म्हटलंय ना?"

"मी खंय कोणाक सांगितलंय?" तुळसा खरोखरच गोंधळली. "देवाकच सांगितलंय. अर्धा सांगून त्येका कळतला कसा?"

गाऱ्हाण्यातलं सगळं खरं होतं. जाळ्यात बांगडा तडफडावा तसं समर्थच्या छातीत अधूनमधून काहीतरी तडफडायचं, आणि आपोआप निवायचं. तपासणीच्या टेबलावर ते कधी उमटलंच नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कंपनीला कळवा, उपचार घ्या, बरे व्हाल. तोवर उडू नका. त्या 'तोवर'लाच समर्थ घाबरला होता. कॅप्टनची जागा अगदी हाताशी आली होती.

लवूकाका पायरीवर घुटमळत होते. पुढच्या आठवड्यात ते, काकी आणि तुळसा, तिघंही समर्थच्याच विमानाने मुंबईला निघाली होती. आयुष्यातलं पहिलं विमान. काकांनी सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं.

"समर्था, रागाव नको हां. आमी आपले रेल्वेनंच जातलंव. विमानात हिचे कान दुखतले म्हणतत."

"आताच तर व्हय म्हाराजा म्हटलात, काका!"

"ता तुझ्या नोकरेसाठी रे, बाबा."

काका खाली मान घालून निघून गेले. गावभर समर्थची नोकरी सगळ्यांना हवी होती; त्याच्या मागे बसायला मात्र कुणी नको होतं.

"भियेलेत मेले," तुळसा फणकारली. "जांवदेत. मी येतलंय तुझ्यावांगडा. नवा लुगडा काढून ठेवलंय."

तिने हातातली पुडी सोडली, अंगारा चिमटीत घेतला. तिच्या डोळ्यांत शंकेचा कणही नव्हता. समर्थचा हात नकळत छातीवर गेला. ठोका नीट पडत होता, अगदी एकसारखा.

"आये," तो म्हणाला, "तू काकांवांगडाच जा."

"रेल्वेनं?"

"व्हय."

त्याच्या कपाळाकडे निघालेली अंगाऱ्याची चिमूट वाटेतच थांबली.