माझ्या नावावरची उंच गाडी

सूरज माझा भाचा. भाऊ-भावजय गेले तेव्हा तो तिसरीत होता, तेव्हापासून माझ्याकडेच वाढला. मला मूलबाळ नाही, त्यामुळे लाड झाले ते सगळे त्याचेच. कान पिळायचे राहिले तेही त्याचेच.

बेळगावात कॅम्पातल्या शाळेत आया म्हणून मी उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली, खानापूरच्या पुढे जंगलाच्या कडेला आमचं शेत आहे तिथे जायला. गाडी माझ्या नावावर, चालवणार सूरज. शेताची वाट म्हणजे नुसते धोंडे, गाडीचं पोट घासायचं. टायर मोठे घालूया म्हणून आम्ही दोघं निपाणीला गोमटेशच्या गॅरेजात गेलो.

गोमटेशने आडपडदा ठेवला नाही. "आक्का, दोन वाटा हायत. ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो टायर देती, तो घाला. थोडा मोठा हाय, कायद्यात बसतोय. दुसरी वाट म्हंजे स्प्रिंगा बदलायच्या, गाडी उचलायची आन् चिखलातले दांडगे टायर घालायचे. दिसायला वाघ! पर आरसीत न्हाय ते केलं की दंड मालकाला. उद्या ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवालाबी हात वर करतोय."

"पयलीच वाट," मी म्हटलं. "गुडघ्याचं आपरेशन झालंय माझं. उंच गाडीत चढू कशी?"

"आत्या म्हणंल तसं," सूरज म्हणाला. मान अशी डोलावली की नंदीबैलानं शिकून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच जाऊन गाडी घेऊन आला. दारात उभी केली तर आत पाय ठेवायची जागा माझ्या कमरेला लागत होती. टायर ट्रॅक्टरचे धाकटे भाऊ शोभावेत असे.

"हे काय रं?"

"तुझ्या शेताच्या वाटंसाठीच की, आत्या! चढायला स्टूल ठेवतो न्हवं." आणि खरंच एक प्लास्टिकचं स्टूल त्याने मागे टाकलं. मला राग आला होता, पण माझ्यासाठी केलं म्हणतोय तर काय बोलणार?

शेतावर आम्ही एकदाच गेलो. बाकीचे रविवार गाडी त्याच्या दोस्तांबरोबर लोंढ्याकडे चिखल उडवत होती आणि मी शेतावर बसने जात होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. तरी मी कुणापाशी बोलले नाही.

मग निपाणीला एका बारशाला निघालो, तर हत्तरगीजवळ आरटीओची तपासणी लागली. साहेबांनी टायर बघितले, वाकून खालच्या स्प्रिंगा बघितल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, हे कुणी केलं?

इथे एक सांगायला हवं. माझ्या वडिलांनी सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्या होत्या, म्हणून मी कन्नड बोलायचं नाही असं लहानपणीच ठरवलं आणि पाळलं. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असं मात्र कधी म्हटलं नव्हतं. शाळेत निम्मी पोरं कन्नड, त्यांचं ऐकून घेऊन त्यांची रडणी मीच थांबवली, मराठीतच. सूरजला हे कधी विचारावंसं वाटलं नाही.

तो माझ्यासमोर, माझ्या खिडकीपाशी उभा राहून, स्वच्छ कन्नडमध्ये साहेबांना म्हणाला, "सर, गाडी हिची आहे. हिनंच हट्टानं करून घेतलं. म्हातारी कुणाचं ऐकत नाही. मी नुसता ड्रायव्हर."

दंडाचं मला काही नाही. पण ज्याला ताप आला की मी रात्रभर उशाशी बसायची, त्याला मी परकी बाई झाले.

साहेबांनी मागचं स्टूल बघितलं, माझे गुडघे बघितले आणि मोडक्या मराठीत विचारलं, "अम्मा, तुम्हीच केला काय हे?"

खरा एक शब्द बोलले असते तर पोरगा चारचौघांत खोटा पडला असता. ते माझ्याने होईना. पण त्याने काय केलंय ते मला कळलंय, हे त्याला कळायलाच हवं होतं.

"हौद्री," मी म्हटलं. "गाडी नंदरी." होय साहेब, गाडी माझी आहे.

जन्मात पहिल्यांदा मी कन्नड बोलले. सूरजचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

दंड माझ्या नावावर झाला. गाडी पुन्हा होती तशी करून दाखवा, असं साहेबांनी बजावलं. सूरज स्टूल घेऊन धावत आला, मी त्याला हाताने बाजूला सारलं आणि साहेबांचा हात धरून खाली उतरले. समोरून बेळगावची बस येत होती, तिला हात केला.

"गोमटेशकडं ने, होती तशी कर," मी सूरजला म्हटलं. "मग दारात लाव, किल्ली तुळशीपाशी ठेव. घरात येऊ नगोस."

बसची पायरी बेताची होती, मी आपली आपण चढले. खिडकीखाली सूरज येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तरी चुकलं म्हणेल.

"आत्या," तो म्हणाला, "तुला कन्नड कळतंय?"

"कन्नड कळतंय रं," मी म्हटलं. "तूच कळला न्हाईस."