चाळीस ते एकशे दहा

मीटिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिने अहवालाची सातवी प्रत उघडली. पान चौदा, तिसरा रकाना. तिथला ‘७५’ तिने लाल पेनाने खोडला, शेजारी ‘४० ते ११०’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि आठवी प्रत ओढली. एकूण बारा होत्या. शिपाई दोनदा येऊन बघून गेला. छापून आलेल्या अहवालात कुणी असं राजरोस खाडाखोड करताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

आकडा पाण्याचा होता. खाडीकाठी नवं इस्पितळ व्हायचं होतं, आणि येत्या तीस वर्षांतल्या वादळांत तिथे पाणी किती सेंटिमीटर चढेल, हे तिच्या हवामान विभागाने सांगायचं होतं. तिने पट्टा दिला होता, चाळीस ते एकशे दहा. पण अहवालाच्या फॉर्मवर त्यासाठी चौकोन एकच, आणि कॉम्प्युटर त्या चौकोनात अक्षरं घेत नाही. अडलेलं काम पुढे सरकावं म्हणून टायपिस्टबाईंनी मधला आकडा घालून टाकला. त्यांना तरी काय बोलणार? पंपघराच्या वेळी त्यांनी रीतसर फोन करून विचारलं होतं, तेव्हा हिनेच घाईघाईत सांगितलं होतं, “मधला घाला.”

पंपघराचा पट्टा होता तीस ते नव्वद. ते साठ धरून बांधलं गेलं. पाच महिन्यांपूर्वीच्या वादळात पाणी एकाहत्तरला आलं, पंप बुडाले, आणि शहराचे नळ आठ दिवस कोरडे राहिले. चौकशीच्या कागदात तिच्या विभागाचं कौतुक झालं, कारण एकाहत्तर हा तीस आणि नव्वदच्या मधेच येतो. ते वाचून तिला स्वतःचीच शिसारी आली. नळ कोरडे होते त्याच आठवड्यात तिचे वडील, आप्पा, टँकरवरून भरलेली बादली घेऊन जिना चढताना पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑफिसात तिला पाठीमागे ‘ते-बाई’ म्हणत. चहात साखर किती विचारली तरी ही ‘एक ते दोन चमचे’ म्हणेल, असा विनोद होता. तो तिच्या कानावर कधीच आला होता. आज ती त्या नावाला जागायचं ठरवूनच आली होती.

आत सगळ्यांसमोर लाल खुणांच्या प्रती पडल्या. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणत, माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी चार फायली हातावेगळ्या करायच्या होत्या. त्यांनी आधी समजुतीने घेतलं. इंजिनिअरला पाया कुठल्या तरी एकाच उंचीवर घालावा लागतो, पट्ट्यावर भिंत उभी राहत नाही, असं सांगून झालं. मग ते चष्मा काढून म्हणाले,

“नक्की माहीत नाही, असं सरळ म्हणा ना.”

“माहीत आहे, साहेब. चाळीस चढणार हे धरूनच चाला. एकशे दहाच्या वर जायची भीती फार थोडी. मधे कुठे थांबेल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. जो सांगेल त्याची सही घ्या, माझी मिळणार नाही.”

तिने पर्समधून आप्पांची गुंडाळीची मोजपट्टी काढली. आप्पांनी जन्मभर सुतारकाम केलं होतं. पट्टीवरचे पहिले आकडे त्यांच्या अंगठ्याने पुसट झाले होते. दाराच्या चौकटीवर तिने लाल पेनानेच दोन रेघा मारल्या, एक चाळीसला, एक एकशे दहाला. साहेब चौकटीकडे बघतच राहिले. नवा रंग लागून महिनासुद्धा झाला नव्हता.

मग तिने नव्या इस्पितळाचा कारभार बघणार असलेल्या मोठ्या सिस्टरना विनंती केली की जरा इथे येऊन उभ्या राहा. इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या सिस्टर उठल्या. खालची रेघ त्यांच्या गुडघ्याच्या खाली आली, वरची कमरेच्या वर.

“तुमच्या तळमजल्यावर काय काय असणार आहे, सिस्टर? आणि त्यातलं काय भिजलं तर चालेल?”

सिस्टरनी नकाशाकडे पाहिलंही नाही. बाकडी, केसपेपरची खिडकी, औषधांचं दुकान, हे तासाभरात वर नेता येईल म्हणाल्या. जनरेटर, ऑक्सिजनची खोली आणि विजेचा मुख्य बोर्ड यांची नावं घेताना त्यांचा हात आपसूक वरच्या रेघेवर गेला.

“हे भिजलं की वरच्या मजल्यावरचे माझे पेशंट गेले,” त्या म्हणाल्या. “मग तुमचा आकडा बरोबर आला काय आणि चुकला काय.”

“म्हणजे बाकड्यांना चाळीस पुरे,” ती म्हणाली, “आणि जनरेटरला एकशे दहासुद्धा काठावरचे. मधल्या आकड्याचं काम आहे कुठे?”

“फॉर्मवर चौकोन एकच आहे,” साहेब म्हणाले.

“मग फॉर्म दोन भरा.”

आणि पाणी चढलंच नाही तर, असं त्यांनी विचारलं. तर लोक मला हसतील, ती म्हणाली, मला त्याची सवय आहे. साहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, घातलं. शेवटी छापील चौकोन कोरा सोडून त्यांनी समासात हाताने लिहिलं, ‘जनरेटर, ऑक्सिजन, बोर्ड: पहिल्या मजल्यावर’, आणि टायपिस्टबाईंना हाक मारली.

घरी येताना तिची पावलं जमिनीवर ठरत नव्हती. संध्याकाळच्या उन्हात आप्पा वरच्या खोलीत खिडकीशी बसले होते, पाच महिने बसत होते तसेच. तिने सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, चौकटीवरच्या रेघांना हसले, आणि मग रोजचं विचारलं.

“माझं काय गं? डॉक्टर म्हणाले तसं, अजून महिनाभर ना?”

डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, सहा महिने ते वर्ष, आणि कदाचित कायमची चाकांची खुर्ची. दवाखान्याचा जिना उतरून आप्पांपाशी येईपर्यंत तिने त्याचे तीन महिने केले होते. तीन सरल्यावर दर वेळी आणखी एक.

“आप्पा, ते डॉक्टर नाही, मी सांगत होते,” ती म्हणाली, आणि डॉक्टरांचं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता सांगितलं.

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

“तीन महिन्यांसाठी, मग महिन्याभरासाठी कशाला हलवायची, म्हणून मी खाट खाली नेऊ दिली नाही,” ते अखेर म्हणाले. “माझी हत्यारं खाली. माझं काम खाली. पाच महिने मी या खिडकीत घालवले, पोरी.”

त्यांनी हात पुढे केला. कशासाठी ते तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने पर्समधून मोजपट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने थोडी ओढली, परत सोडली.

“उद्या खाट खाली घे. खालच्या भिंतीला न्हाणीपर्यंत धरायला दांडा लागेल.”

“किती उंचीवर लावू?”

“दोन लाव,” आप्पा म्हणाले. “एक उभ्याने हात पोचेल असा. आणि एक खुर्चीतून.”