आत्याला कोण मारतं ते बघू

आत्याला मारायचं ठरलं ते सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी. ठरवलं धाकट्या साहेबांनी. प्रकाशन संस्थेच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला बसून, पडद्यावर एक रंगीत गोल दाखवत त्यांनी जाहीर केलं, की दहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आत्या छपरावरून पडून मरेल आणि तिच्या जागी तिची सव्वीस वर्षांची भाची येईल. भाचीला मोटारसायकल चालवता येते, एवढं भाचीबद्दल ठरलं होतं. बाकीचं लेखिकाबाई बघतील.

आत्या म्हणजे त्यांच्याच पुस्तकमालेतली गुप्तहेर. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि पिस्तूल एकाच कप्प्यात. कुठल्याही फाटकावर तिला कुणी हटकत नाही, कारण बघणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी आत्या आली असेल भेटायला. एवढ्या एका भांडवलावर तिने नऊ भागांत चार कट उधळले होते, दोन मंत्र्यांना वाचवलं होतं आणि एकाला तुरुंगात धाडलं होतं.

"मी नाही मारत तिला," धाकटे साहेब म्हणाले. "वाचक मारतायत. हा बघा गोल. शंभरातले सत्तर म्हणतात, नायिका बदला."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोस्टबाई बसल्या होत्या. संस्थेत येणारं सगळं टपाल पस्तीस वर्षं त्याच फोडत, म्हणून पोस्टबाई. त्यांना एकच काम मिळालं. लेखिकाबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "वाचकांनी सांगितलं असेल तर मारते. पण त्यांचं अक्षर मला डोळ्यांनी बघू दे." तेव्हा शुक्रवारी त्या येतील, तोवर मोजलेली कार्डं नीट बांधून ठेवायची.

कार्डांचं सांगायला हवं. संस्थेच्या प्रत्येक पुस्तकात शेवटच्या पानाशी एक अभिप्रायाचं कार्ड असे. थोरल्या साहेबांच्या वेळी ते कोरं असे. लोक वाटेल ते लिहीत आणि चहाच्या वेळी पोस्टबाई ती मोठ्याने वाचून दाखवत. थोरले साहेब गेले आणि कार्डाला चौकटी आल्या. पुढच्या बाजूला वय, नायिका आवडली, ठीक, की बदलावी, प्रत्येकापुढे चौकट. मागे चार रेघा, अभिप्रायाला. गोल काढायला चौकटी पुरतात, त्यामुळे मागची बाजू वाचणं बंद झालं. पोस्टबाई समोरची खूण बघून कार्डं लावायच्या, अर्ध्या तासात दोनशे. ज्याच्यावर वयाची खूण नाही ते संगणकात भरता येत नाही, ते "अपूर्ण". अपूर्ण कार्ड जिन्याखालच्या पोत्यात. थोरल्या साहेबांचा दंडक होता, वाचकाचा कागद रद्दीत घालायचा नाही. तो तेवढा कुणी मोडला नव्हता.

त्या संध्याकाळी पोस्टबाई घरी आल्या तेव्हा आई खिडकीशी भिंग घेऊन बसली होती. घरात दोघीच. आई ब्याऐंशीची, लेक साठीला टेकलेली. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली होती, तेव्हापासून लेकीने तिचं बाहेर जाणं बंद केलं होतं. भाजी लेक आणे, औषधं लेक आणे, आईने फक्त बसायचं. आई बसे आणि आत्या वाचे.

"तुझी आत्या मरणार आता," पोस्टबाई चप्पल काढता काढता बोलून गेल्या.

आईने भिंग खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"वाचकांनीच कळवलंय."

"कुठले वाचक? मी नाही कळवलं. नऊ भागांची नऊ कार्डं पाठवलीत मी. नवव्याचं तर गेल्याच महिन्यात."

"तू? पेटीत कुणी टाकलं?"

"शेजारणीने," आई म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. जरा जास्तच झटकन शिरली, पण ते पोस्टबाईंच्या ध्यानात नंतर आलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी मोजलेल्या कार्डांचा गठ्ठा सोडला. सहाशे बारा कार्डं. एकेक उलटून बघितलं. आईचं अक्षर लांबूनही ओळखू येईल असं, शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं टांगलेली. नऊ सोडा, एकही सापडलं नाही. मग त्या जिन्याखाली गेल्या.

चार पोती होती. पहिल्या पोत्यात हात घातला, वरचं कार्ड काढलं आणि पोस्टबाई तिथेच पायरीवर बसल्या. कार्डावर वयाच्या तीन चौकटी होत्या. पंधरा ते पंचवीस, सव्वीस ते चाळीस, एकेचाळीस ते साठ. तिन्ही कोऱ्या. पण शेजारी कुणीतरी पेनाने चौथी चौकट काढली होती, जराशी वाकडी, आत ठसठशीत खूण आणि बाजूला आकडा. ७१. दुसरं कार्ड काढलं. त्यावर चौकट पट्टीने आखलेली. ६८. तिसऱ्यावर चौकटीऐवजी गोल. ७७.

साठाच्या पुढे चौकटच नव्हती. सात वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चौकटी आखणारे पस्तीशीचे, मोजणारं यंत्र, आणि पोत्यात टाकणाऱ्या स्वतः पोस्टबाई. हे त्यांना फार लागलं. धाकट्या साहेबांना शिव्या घालणं सोपं होतं, पण ती चार पोती भरली होती यांच्याच हातांनी.

मग त्या वाचत सुटल्या. चहा आला, गार झाला.

"मी कुलूपदुरुस्तीचं काम चाळीस वर्षं केलं. तिसऱ्या भागात आत्या केसातल्या पिनेने तिजोरी उघडते. तसलं कुलूप पिनेने उघडत नाही. उगाच थापा मारू नका. कसं उघडतं ते लेखिकाबाईंना समक्ष दाखवीन. वय ७४."

"पाचव्या भागात चष्मा कपाळावर असताना आत्या तो शोधत बसते आणि तेवढ्यात चोर पळतो. माझे चिरंजीव हसले. मी नाही हसले."

"आत्याला सून दिली नाहीत हे उत्तम केलंत. पुढेही देऊ नये."

"बायको गेल्यावर घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आता मी आत्याची प्रकरणं मोठ्याने वाचतो. शेजारी भिंत ठोकतात. ठोकू देत."

सगळेच काही आरती ओवाळत नव्हते. "सातवा भाग अगदीच पाणचट," असं एकाने लिहिलं होतं. एकीने तर सरळ लिहिलं होतं, "मारायचीच असेल तर मारा, थकली असेल बिचारी. पण धावता धावता मारा, अंथरुणात नको."

आईची कार्डं तिसऱ्या पोत्यात सापडली. पहिल्या पाचांवर कौतुक होतं. आठव्यावर मात्र चार रेघा अपुऱ्या पडून अक्षरं कडेने वर चढली होती.

"या भागात आत्या मुलीला न सांगता घराबाहेर पडते. बरं करते. माझी मुलगी गुणाची आहे, पण मला कोपऱ्यापर्यंतही एकटीला सोडत नाही. म्हणून ती कामाला गेली की मी जाते. रोज अर्धा तास. काठी घेऊन, रस्ता नीट बघून. आल्यावर चपला पुसून ठेवते. आत्याकडूनच शिकले. हे माझ्या मुलीला कळू देऊ नये, ती तुमच्याकडेच टपाल बघते. वय ८२."

पोस्टबाईंना आधी हसू फुटलं. मग रडू आलं. चपला पुसून ठेवते! ज्या बाईने त्यांना रस्ता ओलांडायला शिकवलं, ती त्यांच्या धाकाने चपलांच्या तळव्यांची धूळ पुसत होती. आणि हे सांगायला तिला कार्डाशिवाय कुणी मिळालं नव्हतं, ते कार्डही लेकीने न वाचता पोत्यात घातलं होतं. कार्ड त्यांनी पर्समध्ये ठेवलं, डोळे पुसले आणि मोजायला बसल्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मोजत होत्या.

शुक्रवारी अकराला लेखिकाबाई आल्या. ठेंगण्याठुसक्या, हातात काठी, अंगात दोन स्वेटर. धाकट्या साहेबांनी उठून खुर्ची दिली, पडदा लावला, गोल दाखवला. गोलाचा मोठा तुकडा लाल होता. लेखिकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"एवढे लोक कंटाळले तिला?" त्यांचा आवाज बारीक झाला. "बरं. मग तिसऱ्या प्रकरणात कशाला, पहिल्यातच पाडते."

"पोस्टबाई, गठ्ठा द्या त्यांना," साहेब म्हणाले.

पोस्टबाईंनी गठ्ठा दिला. मग दार उघडलं आणि बाहेर ठेवलेली पोती एकामागून एक आत ओढली. कुणी मदतीला उठलं, त्याला त्या म्हणाल्या, "असू दे, मला येतं." पहिलं पोतं त्यांनी टेबलावर उलटं केलं. कार्डं साहेबांच्या कपबशीपर्यंत घसरत गेली.

"हे काय चाललंय?" साहेब उभे राहिले. "ही अपूर्ण आहेत. ही मोजत नाहीत आपण."

"मी मोजली. दोन हजार एकशे चाळीस. तुमचा गोल सहाशे बारांचा आहे."

"पण त्यांनी वयच भरलेलं नाही!"

"भरलंय, साहेब. चौकट स्वतः काढून भरलंय. तुम्ही काढायला विसरलात म्हणून. अपूर्ण ती माणसं नाहीत, अपूर्ण तुमचं कार्ड आहे."

"पोस्टबाई, नियमाने बोला. तुमचे निवृत्तीचे दोन महिने राहिलेत, ते सुखाने घालवा."

"तेच म्हणते मी. दोन महिन्यांनी मला साठ पुरी होऊन एकसष्टावं लागणार. मग मी पुस्तक वाचलं, तर खूण कुठे करू? पस्तीस वर्षं या टेबलाशी बसले आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पोत्यात? नाही जायची मी पोत्यात."

पोस्टबाईंचा आवाज खणखणीत निघत होता आणि आता थांबायचं त्यांच्या मनात नव्हतं. "एकोणीस जण म्हणतात आत्याला मारा. त्यांची कार्डं वेगळी बांधलीत, लपवलेली नाहीत. तीनशेजणांना ती ठीक वाटते. बाकी अठराशेवर माणसांना ती जिवंत हवीय. आता काढा तुमचा गोल."

लेखिकाबाई केव्हाच कार्डांत बुडाल्या होत्या. "कुलूप उघडत नाही म्हणतो हा मेला!" त्या एकदम ओरडल्या. "उघडत नाही म्हणजे काय? पत्ता आहे का याचा? बोलवा त्याला!" मग त्यांनी चष्मा काढून धाकट्या साहेबांकडे बघितलं. "मी त्र्याहत्तरची आहे. माझ्या प्रतीतही हे कार्ड असतं. मलाही खूण करायला जागा सापडली नव्हती. मला वाटलं, लेखकांनी भरायचं नसेल. किती मूर्ख मी! तुम्ही मला माझीच माणसं दाखवली नाहीत, आणि वर त्यांच्या नावाने तिला मारायला सांगत होता."

साहेबांनी एक कार्ड उचललं, उलटं केलं, वाचलं. दुसरं उचललं. माणूस वाईट नव्हता, फक्त गोल बघायची सवय लागली होती. बराच वेळ वाचून ते म्हणाले, "भाचीचं काय करायचं मग? मी जाहिरात ठरवलीय."

"येऊ दे की भाची," लेखिकाबाई म्हणाल्या. "मोटारसायकल ती चालवेल. आत्या मागे बसून रस्ता सांगेल."

दहावा भाग निघाला तेव्हा पोस्टबाई निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. मुखपृष्ठावर आत्या, मागे आत्याची पर्स धरून भाची. आईने तो दोन दिवसांत संपवला आणि शेवटच्या पानाचं कार्ड काढलं. कार्डावर आता चौथी चौकट छापलेली होती. एकसष्ट आणि पुढे.

आईने ती भिंगातून बघितली, पेन उघडलं आणि शेजारी आपली चौकट आखायला घेतली.

"अगं, छापलीय की आता!" पोस्टबाई म्हणाल्या. "एवढी भांडले मी त्या चौकटीसाठी."

"एकसष्टच्या पोरीला आणि त्र्याऐंशीच्या मला एकाच खोक्यात? माझी मी काढीन." आईने खूण केली, आकडा घातला, मागच्या चार रेघा भरल्या आणि कार्ड पुढे केलं. "घे, टाकून ये पेटीत."

पोस्टबाईंनी हात पुढे केला नाही. "तूच टाक. पेटी तुला माहितीय."

आईचा चेहरा क्षणभर अगदी कोरा झाला. पकडली गेलेली आत्यासुद्धा इतका कोरा चेहरा करत नसेल. "मला कुठली माहिती असणार पेटी?"

"आठव्या भागाचं कार्ड वाचलं मी, आई. उशिरा वाचलं. चुकलं माझं."

आई उठली, केस सारखे केले, काठी घेतली. दाराशी बसून चपला चढवल्या, सावकाश, लेकीच्या डोळ्यांदेखत. पोस्टबाईंच्या तोंडावर "जपून" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला वेळ लागेल," आई म्हणाली. "वाट बघत खिडकीत उभी राहू नकोस."

पेटी कोपऱ्यावरच होती, पाच मिनिटांच्या वाटेवर. आई दीड तासाने परत आली. कुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही, लेकीने विचारलं नाही, आणि धुळीच्या चपला तशाच दारात राहिल्या.