करवतीचं दुसरं टोक

सकाळचा उजेड आमच्या गावात एकदम येत नाही. आधी तो गिरणीच्या पत्र्यावर येऊन बसतो, तिथे थोडा रेंगाळतो, मग भिंतीच्या पोपड्यांवरून हळूहळू खाली उतरतो, नांगरलेल्या तुकड्यातल्या ढेकळांची एकेक कड उजळतो आणि बऱ्याच उशिरा माझ्या खिडकीच्या चौकटीला हात टेकतो. त्याच सुमारास समोर गिरणीवाला दार उघडतो. त्याच्या बाहीवर कालचं पीठ असतं.

"रोज खिडकीत काय बघत बसतोस?" आई विचारी.

"उजेड," मी म्हणे. आईला ते पटे. मलाही पटे.

त्या दिवशी उजेड खिडकीपर्यंत पोहोचायच्या आत लोहार हाका मारत आला. "अरे मुक्या, कागद-शाई घे आणि मिस्त्र्यांच्या अंगणात चल!" मी गावच्या कचेरीत कारकून, बोलतो कमी, म्हणून मुका.

थोरले मिस्त्री जाऊन नऊ दिवस झाले होते. धाकटे मिस्त्री अर्धवट चिरलेल्या ओंडक्याशी बसले होते. दोघांत रक्ताचं नातं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी एकाच करवतीची दोन टोकं धरून ते गावात आले, या घरात राहिले, आणि गावाने त्यांना थोरले-धाकटे करून टाकलं. तेवढं गावाला पुरलं. आता थोरल्यांच्या शहरातल्या भाच्याचा निरोप होता: घर मामाच्या नावावर आहे, आत राहणारा माणूस मामाचा कोण, ते गावाने लेखी द्यावं, दुपारी येतो.

"लिही, सख्खा भाऊ," गावचे कारभारी म्हणाले. "आम्ही सगळे साक्षीदार."

"चुलत लिहा. चेहरे जुळत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"जुळवून बघायला दुसरा चेहरा उरलाय कुठे?" सुईणआजी म्हणाली.

मी बाटलीचं झाकण काढतोय तोवर गप्पा शहराकडे वळल्या. "तिकडे म्हणे दोन पुरुष जोडीनं राहतात," दुकानदार म्हणाला, "आणि वर चारचौघांत सांगतात!"

"असली थेरं आपल्याकडे कधी नव्हती," लोहाराने बाकावर थाप मारली. तो बाक मिस्त्र्यांनीच केलेला. "सगळं बाहेरून आलंय."

"पोथीत साफ मनाई आहे," पोथीवाले काका म्हणाले.

"मनाई आहे ना?" म्हातारे मास्तर हसले. "म्हणजे पोथी लिहिणाऱ्याच्या काळातही होतंच. नसलेल्या वाटेवर कुंपण कोण घालतं, काका? कुठल्या राजानं मान दिला, कुठल्या राजानं फास. माणसं तीच राहिली."

"मास्तर, तुमच्या पुस्तकांना वाळवी लागो!" लोहार म्हणाला. हशा पिकला. गिरणीवालाही हसला. मी शाईच्या बाटलीत बघत राहिलो.

"या घरात खोल्या दोन," सुईणआजी कुणाकडेही न बघता म्हणाली. "एकीत लाकूडफाटा. दुसरीत खाट. एकच. अर्धं गाव मी या हातांनी जगात आणलंय, मला शिकवू नका."

"आजी, झाकली मूठ झाकलेलीच बरी," कारभारी घाईने म्हणाले. "धाकटे, करा सही."

धाकट्यांनी करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "मी त्याचा भाऊ नव्हतो."

"अहो, कागदापुरतं!"

"तो होता तोवर तुम्ही काहीही म्हणा, मला चालत होतं. दार लावलं की आत तो होता. आता हा कागदच उरणार. त्यावर भाऊ लिहिलं, तर तो माझा जो होता, तो कुठेच उरणार नाही." ते माझ्याकडे वळले. "लिही बाळा. नवरा-बायको राहतात, तसे आम्ही चाळीस वर्षं राहिलो."

मग एकेकाला कामं आठवली. दुकानदाराला दुकान, लोहाराला भाता. "दळण खोळंबलंय," म्हणत गिरणीवाला उठला. "घालवलंत घर," कारभारी जाता जाता म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी सांगितलं तसं लिहिलं, धाकट्यांनी सही केली, आजीने अंगठा उठवला. साक्षीदार दोन लागतात. मी सही केली, अक्षर थरथरलं.

दुपारी भाचा आला. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

"हे मी कोर्टात दाखवू? मामाच्या नावानं? माझ्या सासरची निम्मी माणसं तिथंच वकिली करतात!"

"दावा करायचा तर दाखवावं लागेलच," धाकटे शांतपणे म्हणाले.

तापलेला तवा सोडावा तसा त्याने कागद माझ्या हातात सोडला. पाणीही न घेता तो परत गेला. पुन्हा दावा सांगायला येईल, असं त्याच्या पाठीकडे बघून तरी वाटत नव्हतं.

संध्याकाळी गाव परत अंगणात. "काय डोकं हो तुमचं!" लोहाराने धाकट्यांच्या पाठीवर थाप मारली. "इतकं भयंकर खोटं लिहिलंत की गडी वाऱ्यासारखा पळाला!"

"आधी कानात सांगायचं ना," कारभारी म्हणाले, "आम्हीही सह्या ठोकल्या असत्या!"

आयुष्यभराचं खरं त्या माणसाने गावासमोर मांडलं होतं, आणि गावाने एका दुपारीत त्याची युक्ती करून टाकली. सुईणआजी पदराआड हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. धाकट्यांनी करवतीवरचा भुसा झटकला.

सगळे गेल्यावर त्यांनी करवतीचं दुसरं टोक माझ्यापुढे केलं. मी जोर लावला, करवत अडली.

"ढकलू नकोस," ते म्हणाले. "आपण ओढायचं आणि सोडायचं. पुढचं समोरच्यानं." दोन-चार हात चालल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी सही करताना हात का थरथरत होता?"

"थंडी होती."

"उन्हात?"

मी ओढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पत्रा काळा राहिला, ढेकळं काळी राहिली, उजेड खिडकीपर्यंत आलाच नाही. मी मात्र होतो तिथेच बसलो होतो.

"आज काय बघतोस रे?" आईने आतून विचारलं.

समोर गिरणीवाल्याने दार उघडलं.

मी इतकी वर्षं त्यालाच बघत होतो.