शेहेचाळीस पानांचा प्रकल्प

"हे पोट्टे प्रकल्प लिहून राहिले का विटा पाडून राहिले?"

गणपतराव माझ्या कानाशीच कुरकुरले. ते कॉलेजचे शिपाई. काळ्या बाडांची चळत हनुवटीखाली दाबून जिना चढत होते आणि सगळ्यांत वर मी होतो. माझं काही त्यांना ओझं झालं नसावं. मी जेमतेम शेहेचाळीस पानांचा.

मित्रांनो, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक प्रकल्प आहे. आता जुना झालोय, पण राग अजून ताजा आहे.

मला दीक्षाने लिहिलं. प्रताप नगरातून बसने ती बुटीबोरीला जायची. तिथल्या एका शिलाई कारखान्यात कापड बेतताना किती वाया जातं आणि त्यामुळे शर्ट किती महाग पडतो, हा माझा विषय. चाळीस दिवस ती चिंध्या तोलत बसली. कटिंगवाल्या जयाताई चिडवायच्या, "काहून वं, गोधडी शिवून राहिली का?" पण काट्याजवळची जागा त्याच करून द्यायच्या. कागदी साचा जरा फिरवून ठेवला की चिंध्या निम्म्यावर येतात, हेही त्यांनीच दाखवलं. ते माझ्या एकतिसाव्या पानावर आहे. कुठल्याही पुस्तकात नाही, माझ्यात आहे!

आता माझी तपासणी ऐका. नियमपत्रकात विषयाला गुण, माहितीला गुण, निष्कर्षाला गुण, सगळं कसं छान. प्रत्यक्षात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साठ मुलं दोन तासांत उरकली. बाजारात कोहळं तोलावं तसं बाड हातावर वर-खाली करायचं, शेवटच्या पानाचा आकडा बघायचा, झालं. मला उचलून म्हणाले, "एवढंच?"

"सर, त्या चिंध्या..." दीक्षाने सुरुवात केली.

"पुढचा!"

पन्नासपैकी बावीस.

माझ्या शेजारी विहंगचा एकशेतीस पानांचा प्रकल्प होता. त्याला चव्वेचाळीस. त्याच्या आभारात लिहिलं होतं, 'माझे पती व सासूबाई यांनी घर सांभाळून मला साथ दिली.' विहंग वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. झेरॉक्सच्या दुकानातून कुणा जुन्या विद्यार्थिनीचा प्रकल्प आणला आणि वरचं नाव तेवढं बदललं. अरे बाबा, निदान सासू तरी काढायची!

दीक्षाला मिहानमधल्या एका कंपनीने नोकरीसाठी निवडलं होतं. अट साठ टक्क्यांची. या बावीस गुणांमुळे ती अठ्ठावन्नवर अडकत होती. गुणांची यादी विद्यापीठात जाण्याआधी ती विभागात आली. मार्गदर्शक लतिका मॅडम आणि विभागप्रमुख कृष्णकांत सर दोघंही होते.

"पानं कमी पडली गं. थोडं फुगवायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, पत्रकात पानांना गुणच नाहीत."

"परीक्षकांचा निर्णय आहे," सर म्हणाले.

"मग माझं काय चुकलं तेवढं सांगा, सर. निष्कर्ष चुकला का?"

सरांनी गुणांची यादी पुढे ओढली. गणपतराव बाडं कपाटात लावत होते. विहंगचं त्यांच्या हातात उघडं पडलं होतं.

"सर, या पोट्ट्याले सासू कधी झाली जी?"

कोणी हसलं नाही.

मित्रांनो, मला कमी गुण मिळाले याचा राग नाही. चुका काढा, लाल शाईने रंगवून टाका. पण आधी उघडा तरी! कुणाचे चाळीस दिवस असे हातावर तोलू नका.

मॅडमनी मला उचललं. पहिलं पान उलटलं, तशी माझ्या पाठीतली कोरी घडी कट्कन मोडली. समोर प्रमाणपत्र होतं, 'प्रकल्प वाचून तपासला आहे.' खाली बांधणीआधीच केलेली मॅडमची सही.

"जाऊ द्या ना, मॅडम," सर घाईने म्हणाले. "यादी तयार आहे."

"नाही, सर." त्या दीक्षाकडे वळल्या. "बेटा, तुझा प्रकल्प आम्ही कोणी वाचलाच नाही. मीसुद्धा."